खळ्यावरचा चर

जेल, कोल्हापूर
१९ जानेवारी २०२५

तीर्थरूप आक्कास,
उदयसिंहचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर काही बोलता येत नाही. मागं रांग उभी असते, तुझा अर्धा वेळ 'ऐकू येतंय का' विचारण्यातच जातो आणि फोन ठेवल्यावर मला आठवतं की विचारायचं ते राहिलंच. म्हणून लिहायला बसलो. इथनं पत्र जातं ते आधी साहेब वाचतात. वाचू देत. हळदीशिवाय त्यात काही नाही.

हळदीचा पाला पिवळा पडून खाली बसला का? बसला असेल तर पाणी तोड. गेल्या वर्षी आपण उशीर केला आणि गड्डे जमिनीतच फुटायला लागले. शाळूवर पाखरं उतरत असतील. डबा वाजवून आता ती उठत नाहीत, त्यांना सवय झालीय. जुन्या कॅसेटची फीत माळ्यावर आहे, ती बांध. वाऱ्यानं वाजते. चिंच झोडायला माणूस लाव, तू झाडावर चढू नको.

दिवसभर हाताला काम नाही. बसलं की पाठीत मुंग्या येतात, उभं राहिलं की कुठं जायचं ते कळत नाही. इथलं अंगण सिमेंटचं, लख्ख झाडलेलं, दिवसभर त्यावर ऊन. मी बघतो आणि मनातल्या मनात त्यावर हळद पसरतो. शेजारचा म्हातारा विचारत होता, "पावणं, जमिनीकडं काय बघताय सारखं?" 

आता मुख्य. आकारामदादाच्या घरात कोणाशी बोलायचं नाही. खळ्याच्या मधोमध त्यानं गोठ्याच्या पायासाठी चर खणलाय, तो तसाच ठेव. स्नेहल वकीलबाई म्हणाल्यात तो पुरावा आहे. चराच्या अलीकडं आपण, पलीकडं ते. कडेनं बाभळीच्या फांद्या टाक. दोन्ही घरांपुढचं सामाईक खळं, आज्ज्याच्या वेळेपासूनचं. चुलतभाऊ झाला म्हणून न विचारता त्यावर पाया खणायचा? खोऱ्याचा घाव जोरात बसला हे मी नाकारत नाही. पण खोरं उचलायची पाळी कोणी आणली?

उत्तर लवकर लिही.

तुझा,
उदय

*

२८ जानेवारी

चि. उदय यास,
आक्काचा आशीर्वाद.

पोस्टमननं तुझं पत्र नाक्यावरच्या दुकानात ठेवलं होतं. दुकानदारानं चार माणसांत हाक मारून दिलं. पाकिटावर जेलचा शिक्का. मी पदराआड घेतलं आणि घरी येऊन वाचलं.

हळदीचं पाणी तोडलं. पाला अजून थोडा हिरवा हाय, आठ-दहा दिवसांनी कापीन. कॅसेटची फीत बांधली. पहिल्या दिवशी पाखरं आली न्हाईत, दुसऱ्या दिवशी फितीवरच येऊन बसली. आता मीच बांधावर उभी राहते. हुरड्याला या वर्षी कोणाला बोलावलं न्हाय. बोलावणार कोणाला? गावातली माणसं माझ्याशी बोलतात, पण बोलून झाल्यावर दादाच्या घराकडं बघतात.

बाभळीच्या फांद्या टाकल्या न्हाईत. टाकल्या तर काटे माझ्याच पायात जाणार, दिवसातनं वीस वेळा मी खळ्यावरनं ये-जा करते. घेवडा वाळत घातलाय, तुरीच्या शेंगा पसरल्यात. सकाळी म्हशींच्या धारा काढायच्या, शेण गोळा करून शेणी थापायच्या, की ऊन वर येतंच. शेणी वाळून उभ्या करून ठेवते. पावसाळ्याआधी त्यांची रास करून हुडवा रचायला कोण येणार ते बघू. चिंचेला माणूस मिळाला.

तू तिथं जेवतोस का नीट? लिहिलं न्हाईस.

आक्का

*

जेल, कोल्हापूर
६ फेब्रुवारी

ती. आक्कास नमस्कार.

जामीन नाकारला. सरकारी वकिलांनी सांगितलं, दोन्ही घरं समोरासमोर, आरोपीला सोडलं तर परत भांडण पेटेल. वकीलबाई म्हणतात पुन्हा अर्ज करू. त्या धीर देतात, पण माझ्याकडं बघत नाहीत तेव्हा समजायचं ते मी समजतो.

जेवतो. भाजीला चव नाही, पण जेवतो.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू लिहिलंयस, म्हशींच्या धारा. आपली म्हैस एकच. दुसरी कुठनं आली?

आणि चिंचेला माणूस मिळाला, तो कोण? गावात चिंचेवर चढणारी दोनच माणसं. एक दादा. दुसरा केरबा, आणि केरबा पोराकडं पुण्याला गेलाय असं तूच फोनवर म्हणाली होतीस.

आता हळदीचं. शिजवायला चार माणसं तरी लागतात. एक जाळाला, एक पाण्याला, दोघं काहिलीतनं उपसायला. ऊसतोड चालू आहे, मजूर मिळणार नाही. तुझ्या एकटीच्यानं व्हायचं नाही. ओलीच विकून टाक. पडेल भावानं दे, पण उगीच त्या उकळत्या काहिलीशी झुंजू नकोस. तू पन्नाशीची झालीस. तिथं पाय घसरला तर तुला उचलायलाही कोणी नाही, आणि मी इथं भिंतीकडं बघत बसलोय.

सारखं वाटतं आत्ताच्या आत्ता उठावं आणि निघावं. उठतो. चार पावलांवर दार.

उदय

*

२२ फेब्रुवारी

चि. उदय यास आशीर्वाद.

म्हशींचं लिहिताना चुकलं असेल. गडबडीत लिहिते.

हळद ओली विकली न्हाय. शिजवली. झाली एकदाची. आईच्या वेळेपासून आपल्या घरातनं ओली हळद बाहेर गेलेली न्हाय आणि माझ्या हातनं मी ती जाऊ देणार नव्हते.

चांगली निघाली रे. एका एका गड्ड्याला हाताच्या पंजासारखी बोटं. काहील आणून चुलाणावर चढवली, हळदीचा पाला पुरला न्हाय, मग उसाचं पाचट जाळलं. वरनं ओली गोणपाटं झाकली. धूर असा की डोळे उघडंनात. माझी सारखी घाई, आता काढू, आता काढू. कच्ची राहिली तर वाळून लाकूड होते आणि जास्त शिजली तर रंग जातो, हे मला काय माहीत न्हाय? पण काहिलीपुढं उभं राहिलं की सुचत न्हाय. काडी घालून बघितली तर म्हणाला, "थांब, अजून दोन उकळ्या येऊ दे. फेस पांढरा व्हायला पायजे." थांबले. मग काढली. काडी लोण्यात शिरावी तशी आरपार गेली.

संध्याकाळी तिघांनी तिथंच चुलाणापाशी बसून भाकरी खाल्ली. हात पिवळे, भाकरी पिवळी.

आता खळ्यावर पसरलीय. दर दोन तासांनी खालवर करते. शाळू पुढच्या आठवड्यात काढायचा. जिवाला जरा थारा न्हाय बघ. एक काम संपायच्या आत दुसरं दारात.

आक्का

*

जेल, कोल्हापूर
१ मार्च

आक्का,

कोण म्हणाला, अजून दोन उकळ्या येऊ दे?

तिघं कोण?

मी इथं आत आहे आणि तू त्याच्याबरोबर भाकरी खातेस. मी कोणासाठी भांडलो? ते खळं गेलं असतं तर तू हळद कुठं पसरली असतीस, त्याच्या गोठ्याच्या पत्र्यावर? अडतीस वर्षांचा झालो. पोरी बघायला गेलो की मुलीकडची माणसं विचारतात, शेती किती, घर कसलं. घर कसलं ते तुला माहीत आहे. दारापुढचं मोकळं खळं हीच काय ती आपली शोभा. त्यावर जर्शी गाई बांधल्या असत्या म्हणजे संपलंच.

एवढंच सांग. तू कोणाच्या बाजूची?

उदय

*

९ मार्च

चि. उदय,

पहिलं पत्र लिहून फाडलं. हे दुसरं.

तू विचारलंस म्हणून सगळं सांगते. आधी सांगितलं न्हाय, कारण तू आत तळमळत बसला असतास आणि मला कामं थांबवता येत नव्हती.

तुला पोलीस घेऊन गेले त्या दिवशी तानावहिनी दादाला घेऊन कोल्हापूरला दवाखान्यात गेली. दार नुसतं ओढून घेतलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासनं त्यांची म्हैस ओरडायला लागली. सड तटतटलेले, धार काढायला कोण न्हाय. त्यांचं पोरगं बंगळुरातनं निघालं होतं, ते पोचायला दुपार. मी कानावर हात ठेवून भांडी घासत बसले. म्हटलं, त्यांचं ते बघतील. दहा वाजेपर्यंत ती ओरडत होती. मग उठले आणि गेले. म्हशीला काय ठाऊक कोणी कोणाला मारलं?

दूध झाकून त्यांच्या उंबऱ्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी परत गेले. पोरगं दोन दिवस राहून नोकरीवर गेलं. वहिनी दवाखान्यातनं आली तेव्हा मी शेण काढत होते. ती दारात उभी राहून बघत राहिली. मला वाटलं शिव्या देणार. दिल्याही. पोट भरून दिल्या. "तुझ्या भावानं माझा संसार लुळा केला" म्हणाली. मी पाटी उचलली आणि खाली मान घालून आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, कारण दादाच्या उजव्या हाताच्या हाडाला स्टीलची पट्टी बसवलीय आणि वहिनीला धार काढता येत न्हाय, तिची बोटं संधिवातानं वाकलीत. तिनं हाकललं न्हाय. दोन महिने ती माझ्याशी एक शब्द बोलली न्हाय. मी धार काढायची, ती घरात जायची.

चिंचेवर दादा चढला नव्हता. त्याच्या हातानं त्याला स्वतःचा सदरा घालता येत न्हाय. झाडाखाली उभा राहून त्यानं वाटेनं जाणाऱ्या ऊसतोड्याच्या पोराला बोलावलं. मी एकटीच काठीनं झोडत होते, ते त्याला बघवलं न्हाय म्हणे.

हळदीला त्याला मी बोलावलं न्हाय. चुलाण पेटवलं आणि एकटीच पाणी ओतत होते, तर तो आला आणि दगडावर बसला. मागनं वहिनी आली, गोणपाटं घेऊन.  तो काडी डाव्या हातात धरून काहिलीत घालायचा. एकदा काडी पडली, ती उचलायला तो वाकला तेव्हा त्याच्या तोंडातनं 'आई गं' निघालं. उदय, ते ऐकल्यावर मला काय झालं ते मी लिहू शकत न्हाय.

माझा नवरा गेला आणि मी माहेरी परत आले, तेव्हा हातकणंगल्याच्या स्टँडवरनं माझी ट्रंक डोक्यावर घेऊन कोण आलं होतं? तू कामावर होतास. दादा आला होता. तो माझाही भाऊच की.

मी कोणाच्या बाजूची विचारतोस. तू म्हणतोस खळं शोभेचं. तो म्हणतो, आता मळणी मशीन शेतातच येतं, खळं कोण वापरतं, रिकामीच जागा. दोघंही बघत न्हाईसा. त्या खळ्यावर वर्षभर मी असते. मी आणि तानावहिनी. डाळी, चिंच, हळद, मिरच्या, कुरड्या, शेंगा, सगळं तिथं वाळतं आणि मग तुमच्या ताटात येतं. त्यानं पाया खणताना मला विचारलं न्हाय. तू खोरं उचलताना मला विचारलं न्हाईस.

आता तुला राग येईल. येऊ दे. शाळूची कणसं खुडायची हायत, जाते.

आक्का

*

२ एप्रिल

चि. उदय,

तुझं उत्तर आलं न्हाय. पाडव्याच्या आधी मी भेटीला आले होते. एसटीनं सकाळी निघाले, नाव दिलं, बाकावर बसले. शिपाई आत जाऊन आला आणि म्हणाला, "मावशी, तो येत न्हाय म्हणतोय." मी म्हटलं बरं. शेंगदाण्याची चटणी आणली होती, ती आत घेत न्हाईत म्हणे. एसटीत शेजारच्या बाईला दिली.

ठीक हाय. तुला भेटायचं नसेल तर नको. पण पत्र वाचत असशील असं धरून लिहिते.

स्नेहल वकीलबाईंनी मला राजारामपुरीत ऑफिसात बोलावलं होतं. तिथं आकारामदादा आधीच येऊन बसलेला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, तुझी शपथ. तो त्यांना म्हणाला, "त्याला जामीन मिळाला तर माझी हरकत न्हाय, तसं लिहून द्या. त्याला आत ठेवून माझा हात बरा होत न्हाय." वकीलबाईंनी विचारलं, मग केस मागं घेणार का. तो म्हणाला, "ते न्हाय. मला मारलंय त्यानं. ते मी कोर्टात सांगणार." बाईंनी माझ्याकडं बघितलं.  मला दोन्ही बरोबर वाटलं.

एकाच एसटीनं परत आलो. तो पुढं बसला, मी मागं.

शाळू पोत्यात भरला. कडुनिंबाचा पाला वाळवून थरावर थर घातलाय. हळद वाळून खणखण वाजायला लागली. गहू ऊन देऊन, एरंडेल चोळून कणगीत ठेवला. आता कुरड्यांसाठी गहू भिजत घातलेत. तिसरा दिवस, घरभर आंबूस वास सुटलाय. रोज पाणी बदलायचं. बसायला वेळ नको असं मला वाटतं आणि तसंच घडतंय.

आक्का

*

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२१ एप्रिल

तीर्थरूप आक्कास साष्टांग नमस्कार.

बाहेर आलो हे तुला वकीलबाईंनी सांगितलं असेल. मी फोन केला नाही. फोन आहे हातात, पण बोलायला लागलो की आवाज चढतो. लिहिताना तेवढा चढत नाही.

जामीन अटीवर मिळालाय. दादाची कोर्टात साक्ष होईपर्यंत गावात पाऊल टाकायचं नाही आणि साक्षीदारांना भेटायचं नाही. म्हणजे सुटलो, पण घरी नाही. आत होतो तेव्हा निदान भिंत होती. आता भिंत नाही, तरी जाता येत नाही. काल रंकाळ्यापर्यंत चालत गेलो, तिथनं परत, परत तिथं. पाय थांबत नव्हते.

वकीलबाईंची आत्या, विठाबाई, हिचं इथं कांडप आहे. मिरच्या कुटायचं. सीझनला माणूस पाहिजेच होता, तिनं ठेवून घेतलं. मागच्या खोलीत झोपतो. सकाळी आठपासून बायकांची रांग. एकेकीच्या पिशवीत मिरच्या, धणे, खोबरं, तीळ, कांदा तळून आणलेला. मी मशीनच्या घणाखाली हात घालून मसाला खालवर करतो. पहिले चार दिवस शिंकून शिंकून जीव गेला, हात रात्रंदिवस पेटलेले. आता सवय झाली. प्रत्येकीची चटणी वेगळी. एक म्हणते लाल पाहिजे, एक म्हणते झणझणीत पाहिजे. विठाबाई मला म्हणते, "तू बोलत न्हाईस ते बरं हाय, बायकांना आपली चटणी गुपचूप कुटून पायजे असते."

तू भेटीला आलीस त्या दिवशी मी दारापर्यंत आलो होतो. शिपाई पुढं गेला आणि मी मागं फिरलो. तुला बघितलं असतं तर मी ओरडलो असतो किंवा रडलो असतो. बाकीच्या लोकांपुढं दोन्ही नको होतं.

तुझं मार्चचं पत्र माझ्याकडं आहे. त्याला काय उत्तर द्यायचं ते अजून सुचत नाही. तुला वाटेल राग आहे. राग कमी झालाय असंही नाही. पण इथं दिवसभर बायकांच्या पिशव्या बघतो. त्या मिरच्या कोणीतरी कुठंतरी वाळवलेल्या असतात. हे मी आधी कधी मनात आणलं नव्हतं.

उदय

*

३० एप्रिल

चि. उदय यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. वहिनीलाही वाचून दाखवलं, शिंकांचं तेवढं. ती हसली. चांगलं झालं म्हणाली.

कुरड्या झाल्या. चीक चांगला निघाला, पांढऱ्या शुभ्र झाल्यात. परवा दुपारी मात्र वळवानं गाठलं. आधी धूळ, मग टपोरे थेंब. खळ्यावर कुरड्या, सांडगे आणि राहिलेली हळद. मी कुरड्या घातलेल्या जुन्या साडीचं टोक धरून ओढतेय, पलीकडनं वहिनी पळत आली आणि मधे चर. ती सरळ चरात पडली. गुडघा फुटला. दादा ओरडत होता, "सोड त्या कुरड्या, तिला उठव." मी तिला उठवलं. अर्ध्या कुरड्या भिजून चिखल झाल्या. हळद वाचली, कारण तिच्यावर दादानं आधीच ताडपत्री टाकली होती. एका हातानं आणि दातानं ओढून.

संध्याकाळी वहिनीच्या गुडघ्याला हळद लावत बसले होते.  तो चर मी रोज बघते. पाणी साचलंय त्यात.

मिरच्या वाळून तयार हायत. दोन्ही घरांच्या एकत्रच पाठवते, तुझ्याच कांडपावर कुटून घे. आपली नेहमीसारखी, संकेश्वरी मिरची जास्त. त्यांची जरा कमी तिखट, दादाला आता सोसत न्हाय. बरोबर मसाला भाजून देते. कोणीतरी येईल घेऊन.

आंब्याचं लोणचं अजून घातलं न्हाय. आंबा यायचाय.

आक्का

*

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१३ मे

तीर्थरूप आक्कास नमस्कार.

कोणीतरी येईल म्हणालीस. कोण येणार ते मुद्दामच लिहिलं नाहीस.

काल अकराच्या सुमाराला मी घणापाशी होतो. विठाबाईनं हाक मारली, "अरे, रिक्षातनं पोती उतरून घे, त्या पावण्यांचा हात अधू हाय." मी बाहेर आलो. रिक्षाच्या कडेला दादा उभा. पांढरी टोपी, उजवा हात पोटाशी धरलेला. बारीक झालाय. मी तिथंच थांबलो.

मी म्हटलं, "मला तुमच्याशी बोलायची बंदी आहे. कोर्टाची."

तो म्हणाला, "तुला हाय. मला कुठं हाय? मी गिऱ्हाईक हाय. पोती घे."

पोती घेतली. तो आत येऊन बाकावर बसला. मी कुटायला लागलो. आधी आपली, मग त्यांची. सगळा वेळ तो माझ्या हातांकडं बघत होता. मला वाटलं, हे हात बघून त्याला काय आठवत असेल. घणाच्या आवाजात काही ऐकू येत नाही हे बरं. एकदा मान वर केली तर तो डाव्या हातानं उजवी बोटं एकेक करून सरळ करत होता, व्यायाम सांगितला असेल तसा. करंगळी सरळ होत नाही. मी घण बंद केला.

मी म्हटलं, "दादा, दुखतंय?"

"हिवाळ्यात दुखत होतं. आता बधिर हाय. बोटं पेनाला वळतात, खोऱ्याला न्हाय."

मी खाली बघत राहिलो. आक्का, चार-पाच महिने मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडलो. बोलायला शंभर गोष्टी होत्या. एकही आठवली नाही. मी म्हटलं, "चुकलं माझं." ते सुद्धा इतकं हळू की त्याला परत विचारावं लागलं. परत म्हटलं.

त्यानं करंगळी परत दाबून बघितली. मग म्हणाला, "ते मी कोर्टात सांगणार हाय. मारलंस ते. आणि मी न विचारता चर खणला, ते पण सांगणार हाय. तुझ्या वकिलीणबाईला सांगून ठेव."

मी म्हटलं, "सांगा. मी नाही म्हणणार नाही."

विठाबाईनं चहा आणला. चहा झाल्यावर त्यानं विचारलं, "खळ्याचं काय करायचं? गोठा मला बांधायचा हाय. पोरगं बंगळुरात राहायला तयार न्हाय, त्याला गाई पाळायच्या हायत. तुझं काय म्हणणं?"

अख्ख्या आयुष्यात त्यानं मला पहिल्यांदा विचारलं असेल. मी म्हटलं, "मला काय विचारताय? आक्काला विचारा."

तर तो हसायला लागला. उजवा हात पोटाशी धरून हसत होता. म्हणाला, "आक्कालाच विचारलं. ती म्हणाली, उदयला विचारून या. म्हणून तर पोती घेऊन आलो. न्हायतर वहिनी येणार होती तुझी."

चटणी भरून दिली. पोती स्टँडपर्यंत मीच नेली, बंदी असली तरी. बसमधे चढवली. त्यानं खिडकीतनं डावा हात बाहेर काढला, पण तो हलवला नाही, नुसता बाहेर ठेवला. बस निघाली.

आता तू सांग. तू आणि वहिनी मिळून सांगा. जे सांगाल ते मला चालेल. त्यालाही चालेल असं त्याच्या तोंडावरनं वाटलं.

माझं मन मात्र अजून जागेवर नाही. कोर्टात काय होईल माहीत नाही. शिक्षा लागली तर परत आत जाईन. ती भीती आहे. पण पूर्वीसारखं उठावं आणि पळावं असं वाटत नाही.

उदय

*

१७ मे

चि. उदय यास आशीर्वाद.

चटणी पोचली. बरणीत दाबून भरली, वर हिंगाचे खडे ठेवले. जरा जाड कुटलीस.

आम्ही दोघी काल संध्याकाळी खळ्यावर बसलो आणि ठरवलं. ऐक. गोठा खळ्यावर होणार न्हाय. आपल्या दोन्ही घरांच्या कडेला, खळ्याच्या पश्चिमेला आपली कडब्याची गंजी आणि त्यांचा शेणीचा हुडवा असतो, ती जागा गोठ्याला द्यायची. जागा अर्धी आपली, अर्धी त्यांची. गंजी आणि हुडवा बांधावर रचायचा. दादा म्हणाला, तिकडं वारा कमी, गाईंना उकडेल. वहिनी म्हणाली, "मग पत्रा उंच लाव."  पोराला फोन करून विचारलं, तो म्हणाला चालेल.

गाईंचं दूध सुरू झालं की आपल्या घराला रोज एक तांब्या, आणि शेण दोघींत निम्मं. हे वहिनीनं काढलं, मी न्हाय.

चराचं मी वकीलबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या पंचनामा झालाय, फोटो हायत, बुजवायला हरकत न्हाय. आज सकाळी आम्ही दोघींनी पाट्यांनी माती ओढली. दादा कडेला उभा राहून इकडं टाका, तिकडं टाका सांगत होता. वहिनीनं त्याला शेवटी घरात पाठवला. माती धुमसून, पाणी मारून, वर शेणानं सारवलं. त्या जागेवर जरा उंचवटा राहिलाय. एका पावसाळ्यात बसेल.

तारखेला दादा खरं तेच सांगेल. तू पण खरं तेच सांग. पुढचं आपल्या हातात न्हाय. काही झालं तरी हळदीचं बेणं मी काढून ठेवलंय, ते या वर्षी लावणारच. तू असशील तर तू लावशील, नसशील तर आम्ही लावू.

भुईमूग काढला. शेंगा आज पहिल्यांदाच सगळ्या खळ्यावर पसरल्यात, या टोकापासनं त्या टोकापर्यंत. त्यांच्या कुठल्या आणि आपल्या कुठल्या हे संध्याकाळी पाट्या भरताना मोजून घेऊ, आत्ता सगळ्या एकच दिसतायत.

वहिनी हाका मारतेय. पश्चिमेला काळं झालंय आणि वारा सुटलाय. शेंगा बाहेर हायत, ताडपत्री अजून घरात. उठते.

आक्का